अंगठी अडली कुठे? हाताच्या सांध्यांची ‘झीज’ समजून घेताना

गेल्या वर्षी आईच्या अनामिकेतली अंगठी कापून काढावी लागली. साबण लावून झाला, खोबरेल लावून झालं, दोरा गुंडाळून ओढून झालं. शेवटी सोनाराने बारीक करवत चालवली. तुकडे तिच्या तळहातावर ठेवत तो म्हणाला, “बोट जाड नाही झालेलं, काकू. बुडाशी अंगठी गरागरा फिरत होती. अडत होती ती पेरावर. पन्नाशीनंतर बायका अंगठ्या वाढवून घ्यायला येतातच.”

आठवड्याने हाताचा एक्स-रे काढला. रिपोर्टात ‘मल्टिपल डीजनरेटिव्ह चेंजेस’ असं लिहिलेलं. डॉक्टर घाईत होते. “वयानुसार झीज आहे, घाबरायचं नाही,” एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आई रिक्षात काही बोलली नाही. रात्री भाजी निवडताना मात्र तिने अचूक प्रश्न विचारला: “झीज झालीय तर अंगठी सैल व्हायला हवी होती ना? घट्ट कशी झाली?”

या प्रश्नात सगळं दुखणं समजून घेण्याची किल्ली आहे, म्हणून त्याच्याच मागे जाऊ. सांधेदुखी म्हटलं की आपण गुडघ्यांबद्दल बोलतो. हातांकडे लक्ष जातं ते कुकरचं झाकण फिरेनासं झालं की. खरं तर 2020 साली जगभरात साडेएकोणसाठ कोटी लोकांना आईचाच हा आजार, ऑस्टिओआर्थ्रायटिस, कुठल्या ना कुठल्या सांध्यात होता. हाताच्या रुग्णांची संख्या 2050पर्यंत जवळपास निम्म्याने वाढेल, असा अंदाज ‘लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात 2023 मध्ये आला होता.

आधी नावांचा घोळ

आपल्याकडे ‘संधिवात’ हा शब्द पोत्यासारखा आहे. सांधा दुखला की घाला त्यात. पण त्या पोत्यात निदान दोन अगदी वेगळे आजार आहेत. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला बहुतेक जण आमवात म्हणतात, त्यात शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. आईला आहे तो दुसरा, ऑस्टिओआर्थ्रायटिस. डॉक्टर आपसात त्याला ‘ओए’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. ‘झीज’ हा शब्द या ओएचं मराठी भाषांतर म्हणून रूढ झालाय, आणि माझ्या मते सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

साबुदाण्याची पुरचुंडी

एका हातात 27 हाडं असतात. जिथे दोन हाडं भेटतात तिथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरट, चिवट थर असतो. ही कूर्चा. बोटांच्या सांध्यांत ती जेमतेम मिलिमीटरभर, कुठे त्याहूनही पातळ असते.

तिची रचना डोळ्यांसमोर आणायची तर कोरडा साबुदाणा तलम फडक्यात घट्ट बांधून पाण्यात टाका. साबुदाणा फुगू पाहतो, फडकं त्याला फुगू देत नाही, आणि ती पुरचुंडी टणक पण किंचित लवचिक होते. दाबली तर थोडी दबते, सोडली की पूर्ववत. कूर्चेत फडक्याचं काम कोलॅजेनचे धागे करतात, आणि साबुदाण्याचं काम पाणी धरून ठेवणारे मोठाले रेणू. कूर्चेचा सत्तर-ऐंशी टक्के भाग पाणीच असतो.

या पुरचुंडीला रक्तवाहिनी नाही. सांध्यातल्या वंगणातून जे झिरपेल त्यावर तिचं पोषण चालतं, आणि ते झिरपतं सांधा हलला, दबला, सुटला की. तिला नसही नाही, त्यामुळे ती खराब होऊ लागली तरी ती स्वतः दुखत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे तिची देखभाल करणाऱ्या पेशी फार थोड्या असतात. कूर्चेतलं कोलॅजेन इतकं सावकाश बदलतं की त्यातलं निम्मं नवं व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतील, असा हिशेब निघाला आहे. थोडक्यात, साठीच्या बाईच्या बोटात फडकं विशीतलंच असतं. त्यात वर्षानुवर्षं रक्तातली साखर त्या धाग्यांना चिकटत राहते. पोळी तव्यावर भाजताना तपकिरी डाग पडतात ना, त्याच जातीची ही रासायनिक क्रिया, फक्त मंद, दशकानुदशकं चालणारी. धागे पिवळट पडतात, कडक होतात आणि कडक झाल्यामुळे तुटायला सोपे होतात.

फडक्याचे धागे सुटले की काय होतं? साबुदाणा आणखी पाणी पितो आणि पुरचुंडी मऊ पडते. ओएची सुरुवात नेमकी अशी होते. कूर्चा आधी झिजत नाही, ती फुगून मऊ होते. मग तिला भेगा पडतात आणि पुढे ती विरत जाते.

मग घट्ट काय झालं?

सांधा म्हणजे नुसती कूर्चा नाही. खालचं हाड, भोवतीचं अस्तर, बांधून ठेवणारे अस्थिबंध, स्नायू हे सगळं मिळून तो एक जिवंत अवयव आहे. एक भाग बिघडला की बाकीचे स्वस्थ बसत नाहीत. अस्तर सुजतं. कूर्चेखालचं हाड दाट होऊ लागतं. आणि सांध्याच्या कडेला नवं हाड उगवतं. डॉक्टरांच्या भाषेत ऑस्टिओफाइट, रुग्णांच्या भाषेत ‘हाड वाढलंय’.

खाटेचा पाय खिळखिळा झाला की सुतार फटीत पाचर ठोकतो. पाय पुन्हा उभा राहतो, फक्त पाचरेचं टोक बाहेर दिसत राहतं. कडेला वाढलेलं हाडही सैलावलेला सांधा स्थिर करायचा शरीराचा प्रयत्न असावा, असं पुष्कळ तज्ज्ञ मानतात. सुतारकाम ओबडधोबड आहे, पण काम चालू आहे. म्हणून अंगठी सैल न होता अडली. आईच्या पेराशी झीज आणि भर दोन्ही एकाच वेळी चालले होते, आणि बाहेरून दिसते ती भर.

या गाठींना जुनी नावं आहेत. नखाजवळच्या सांध्यावर येतात त्या हेबर्डनच्या गाठी, मधल्या सांध्यावरच्या बूशार्डच्या. विल्यम हेबर्डन हे अठराव्या शतकातले लंडनचे डॉक्टर. त्यांच्या मृत्यूनंतर 1802 मध्ये छापलेल्या टिपणांत त्यांनी लहान वाटाण्याएवढ्या या टणक उंचवट्यांचं वर्णन केलं, आणि त्यांचा गाउटशी, म्हणजे युरिक अॅसिडच्या दुखण्याशी, संबंध नाही हेही बजावलं. दोनशे वर्षं उलटून गेली तरी आपल्याकडे बोटाला गाठ दिसली की पहिला सल्ला ‘युरिक अॅसिड तपासून घ्या’ हाच असतो. हेबर्डन यांनी असंही लिहिलं की या गाठी क्वचितच दुखतात, गैरसोयीपेक्षा बेढबपणाच जास्त. इथे मात्र त्यांनी घरातल्या एखाद्या काकूंना विचारायला हवं होतं.

वयाबरोबर वाटचाल कशी होते?

लोकांना वाटतं की हे सायकलच्या टायरसारखं आहे, रोज थोडं झिजतं आणि एक दिवस संपतं. हाताचा ओए तसा चालत नाही. तो टप्प्याटप्प्याने, मधे थांबत, एकेका बोटाशी वेगवेगळा वागत पुढे सरकतो.

चाळिशीच्या आसपास बहुधा काहीच जाणवत नाही. आत बदल सुरू झालेले असतात, पण कूर्चेला नस नाही हे आठवा. बायकांमध्ये खरी हालचाल दिसते ती पाळी जाण्याच्या सुमारास. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली वाटतात, चहा होईपर्यंत मोकळी होतात. मग एखाद्या नखाजवळचा सांधा लालसर होतो, गरम लागतो, स्पर्श सहन होत नाही. कधी तिथे मऊ, पाणीदार फोड येतो, आत जेलीसारखा चिकट द्रव. तो घरी सुईने फोडायचा मोह होतो. अजिबात फोडू नये, कारण त्याची वाट थेट सांध्यात जाते आणि जंतूही त्याच वाटेने आत जातात.

हा भडका काही महिने टिकतो, कधी वर्ष-दोन वर्षं. मग लाली उतरते, ठणका कमी होतो आणि मागे टणक गाठ उरते. तोवर दुसरं बोट सुरू झालेलं असतं. बऱ्याचदा उजव्या हाताच्या ज्या बोटाला त्रास, काही काळाने डाव्याच्या त्याच बोटालाही.

काही जणांमध्ये हा भडका जास्त जोरकस असतो आणि सांध्याचं हाड मधोमध कुरतडलं जातं. त्याला इरोझिव्ह ओए म्हणतात. या प्रकाराचे टप्पे बेल्जियमच्या डॉक्टरांनी 1996 मध्ये एक्स-रेवरून मांडले: आधी स्थिर सांधा, मग हाडांमधली फट नाहीशी होणं, मग कुरतड, आणि शेवटी पुनर्बांधणी. कुरतडलेला सांधाही नवं हाड घालून पुन्हा आकार घेतो. आकार वेडावाकडा असतो, पण सांधा शांत होतो.

म्हणून साठी-सत्तरीतल्या कितीतरी आजींची बोटं उसाच्या पेरांसारखी गाठाळ असतात आणि तरी त्या “आता दुखत नाही गं, दिसतं तेवढंच” असं सांगतात. उलट पन्नाशीतल्या बाईची बोटं वरून सरळ दिसतात आणि तिला कणीक मळवत नाही. एक्स-रेला 0 ते 4 असे गुण देण्याची एक पद्धत 1957पासून वापरात आहे, पण त्या गुणांचं आणि वेदनेचं नीट जमत नाही. रिपोर्टात ‘ग्रेड 3’ वाचून रडू नये, आणि ‘ग्रेड 1’ वाचून सुनेला “नाटकं करते” असंही म्हणू नये.

सत्तरीनंतर वेदनेपेक्षा पकड कमी होण्याचा त्रास मोठा होतो. मूठ पूर्ण वळत नाही, नाणं उचलताना निसटतं, ब्लाउजचे हुक लागत नाहीत. यात ओएबरोबर वयाने रोडावलेल्या स्नायूंचाही वाटा असतो, आणि तो वाटा व्यायामाने सुधारता येतो.

हे सगळ्यांनाच होतं का? नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या जॉन्स्टन काउंटीत वर्षानुवर्षं चाललेल्या पाहणीतून असं निघालं की 85 वर्षांपर्यंत हाताचा दुखरा ओए होण्याची शक्यता बायकांमध्ये 47 टक्के आणि पुरुषांमध्ये 25 टक्क्यांच्या आसपास आहे. आकडे तिथले आहेत, ते जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. पण पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, हे सगळीकडेच दिसतं. यात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होण्याचा हात असल्याचा एक दाखला म्हणजे, स्तनाच्या कर्करोगानंतर इस्ट्रोजेन घटवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या अनेकींचे हात दुखू लागतात.

अंगठ्याचं गणित वेगळं

अंगठा जिथे मनगटाजवळ सुरू होतो तिथला सांधा घोड्याच्या खोगिरासारखा आहे: एका बाजूने खोलगट, दुसऱ्या बाजूने फुगीर. त्यामुळे अंगठा चारही बाजूंना फिरतो आणि प्रत्येक बोटाला भेटतो. या मोकळेपणाची किंमत म्हणजे सांधा मुळातच सैल. अंगठ्याच्या टोकाशी 1 किलोची चिमूट घ्या, मुळाशी सुमारे 12 किलोचा दाब पडतो. आता चकलीचा सोऱ्या पिळताना, ओली चादर पिळताना, घट्ट बरणी उघडताना तिथे काय होत असेल याचा अंदाज करा.

इथली दुखणी बोटांसारखी शांत होतीलच असं नाही. अंगठ्याचं मूळ हळूहळू बाहेर सरकतं, तिथे चौकोनी उंचवटा दिसतो आणि अंगठा तळहाताकडे ओढला जातो. मोठा पेला एका हातात मावेनासा होतो. ‘मनगट दुखतंय’ म्हणून येणाऱ्या कित्येकींचं दुखणं खरं तर इथलं असतं.

“जन्मभर राबले, म्हणून हात गेले”

अर्धं खरं. कामाने हा आजार कुठे होणार हे बऱ्यापैकी ठरतं. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका लोकर-गिरणीत वर्षानुवर्षं एकच काम करणाऱ्या बायकांचे हात तपासले, तेव्हा कामागणिक खराब झालेले सांधे वेगळे निघाले. बीजिंगमध्ये चॉपस्टिक धरणाऱ्या हातात त्या पकडीत वापरल्या जाणाऱ्या सांध्यांना ओए थोडा जास्त आढळला.

पण कोणाला होणार यात घराण्याचा हात मोठा. जुळ्या बहिणींच्या अभ्यासातून हाताच्या ओएमधला आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास निघतो. आई, मावशी, आजी यांची बोटं आठवा, तुमच्या बोटांचा अंदाज येईल. आयुष्यभर फक्त पुस्तकं उलटणाऱ्या प्राध्यापिकेलाही गाठी येतात.

वजनाचंही तसंच. आपण हातावर चालत नाही, तरी लठ्ठपणात हाताचा ओए जास्त होतो. याचा अर्थ चरबी नुसता भार टाकत नाही, ती दाह वाढवणारी रसायनंही रक्तात सोडते.

आणि बोटं मोडण्याबद्दल. अमेरिकेतल्या डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरांना लहानपणी आई, मावश्या-आत्या आणि पुढे सासूबाईंनीही हीच तंबी दिली होती. त्यांनी पन्नास वर्षं रोज निदान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. 1998 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: दोन्ही हात सारखेच, संधिवात कुठेच नाही. 2009 मध्ये त्यांना त्यासाठी गमतीचं ‘इग नोबेल’ मिळालं. एका माणसाचा प्रयोग हा काही भक्कम पुरावा नव्हे, पण सासूबाईंकडे तेवढाही नव्हता.

आमवात तर नसेल?

ही शंका रास्त आहे, कारण आमवातात वेळेवर औषध सुरू केलं नाही तर नुकसान कायमचं होतं. ढोबळ खुणा अशा. ओए नखाजवळचे आणि मधले सांधे व अंगठ्याचं मूळ धरतो. आमवात बहुधा मनगट आणि मूठ वळल्यावर वर येणारे सांधे धरतो, नखाजवळचे सांधे सोडतो. ओएचा सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो, आमवाताचा तासभर किंवा जास्त टिकतो. ओएची गाठ दगडासारखी लागते, आमवाताची सूज लुसलुशीत. ताप, वजन उतरणं, खूप थकवा हे ओएत बसत नाही. नखाजवळचे सांधे सुजलेत आणि नखांवर बारीक खड्डेही आहेत, तर सोरायसिसचा संधिवात असू शकतो. यांपैकी काही दिसलं तर थेट ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाततज्ज्ञ, गाठावा.

कॅल्शियम वाढवायचं की बंद करायचं?

दोन्ही सल्ले आईला एकाच लग्नात मिळाले. एका बाई म्हणाल्या, हाडं झिजलीत, गोळ्या दुप्पट कर. दुसऱ्या म्हणाल्या, हाड वाढलंय, दूध बंद कर. हाडं ठिसूळ होणं हा निराळा आजार, ऑस्टिओपोरोसिस. कॅल्शियम त्याच्या कामाचं. ओएत कॅल्शियमने कूर्चा परत येत नाही आणि दूध सोडल्याने गाठ वितळत नाही.

मग उपाय?

गेलेली कूर्चा परत आणणारं औषध आज नाही. पण ‘काही करता येत नाही’ हेही खोटं आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 2018च्या शिफारशींत पहिली पायरी आहे माहिती, व्यायाम आणि आधाराचे पट्टे. औषधांत आधी लावायचं दाहशामक मलम, डायक्लोफेनॅक जेलसारखं, कारण हाताचे सांधे त्वचेच्या अगदी खाली असतात. पोटातल्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस आणि डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाब, मधुमेह, किडनी यांची तक्रार असेल तर जास्तच जपून. खात्रीचं नाव-गाव नसलेली ‘गुणकारी पूड’ चार दिवसांत जादू करत असेल, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यावी.

आमवातावरचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ओएला चालेल अशी आशा होती. ब्रिटनमधल्या चाचणीत 2018 मध्ये ते औषध नसलेल्या खोट्या गोळीइतकंच निघालं. आमवातावरच्याच मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या औषधाने सुजलेल्या सांध्यांची वेदना थोडी उतरते असं 2023च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत दिसलं, पण ते सगळ्यांसाठीचं औषध नाही. अंगठ्याचं मूळ फारच खराब झालं तर तिथलं लहान हाड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होते, आणि ती बऱ्यापैकी समाधान देते.

आईच्या बाबतीत फरक पडला तो फिजिओथेरपिस्टकडच्या अर्ध्या तासाने. रात्री अंगठ्याला पट्टा, सकाळी कोमट पाण्यात बोटं बुडवून मूठ उघड-मीट, मऊ चेंडू दाबणं. हलला की सांधा पोसला जातो, म्हणून दुखतंय तरी पूर्ण विसावा नाही. चाकूच्या मुठीला जुन्या सुती कापडाची जाड गुंडाळी, कारण जाड मूठ धरायला चिमटीवर जोर येत नाही. बरणी उघडायला रबरी हातमोजा. पिशवी बोटांवर लटकवण्याऐवजी कोपरावर. कुकर मात्र तिने बदलू दिला नाही.

अंगठी सोनाराने दोन माप वाढवून दिली, तर ती पेरावरून जाते पण बुडाशी गोल गोल फिरते आणि खडा सारखा तळहाताकडे येतो. आता ती चेनमध्ये ओवून गळ्यात आहे. यंदा दिवाळीत सोऱ्या माझ्या हातात आला. भाजणी मळली तिनेच, आणि माझी पहिली चकली तेलात सुटली तेव्हा पीठ सैल होतं की माझा हात, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.